सुचतं सगळ्यांनाच, पण पुढे त्याचं काय होतं?

मागच्या अंकात मी एक साधा प्रश्न टाकला होता, तुमच्या संस्थेत शेवटचा नवा प्रयोग कधी झाला आणि तो मुळात कोणाला सुचला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सात घेतलीयत. नावं आणि गावं काढून टाकलीयत कारण बहुतेकांनी जिथे आत्ता काम करतात तिथलंच मोकळेपणानं लिहिलंय आणि त्याचा त्रास कोणाला व्हायला नको.

ताई, आमची शिक्षणात काम करणारी संस्था आहे, पस्तीस जणांची टीम. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसात सूचनापेटी ठेवली, शिवाय दर सोमवारच्या मीटिंगमध्ये सर विचारतात की कोणाला काही नवीन सुचतंय का. पेटीत आतापर्यंत चार चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या दोन तर बंद पंख्याबद्दल. मीटिंगमध्ये सगळे आपापल्या वहीत बघत बसतात. आमच्या लोकांना काही सुचतच नाही का? – एक समन्वयक

सुचतं हो, नक्की सुचतं. मला तुमचं पत्र वाचताना एकच विचारावंसं वाटलं, त्या पंख्याचं पुढे काय झालं? दुरुस्त झाला का? कारण माझा अनुभव असा आहे की माणसं मनातली खरी गोष्ट एकदम सांगत नाहीत, आधी अशी एखादी छोटी बिनधोक्याची चिठ्ठी टाकून बघतात की ही पेटी कोणी उघडतं का, उघडल्यावर काही हलतं का. पंखा सहा महिने तसाच असेल तर पस्तीसच्या पस्तीस जणांना उत्तर मिळालंय. म्हणून आधी पंखा दुरुस्त करा आणि मीटिंगमध्ये सांगा की चिठ्ठीमुळे झाला.

पेटीपेक्षा महत्त्वाचं आहे ते उत्तर. आलेल्या प्रत्येक सूचनेला आठ दिवसांत उत्तर द्यायचं एवढा एकच नियम करा. "करतोय", "आत्ता जमणार नाही, जूनमध्ये परत बघू" किंवा "नाही करणार आणि त्याचं कारण हे", यातलं काहीही चालेल. नकार मिळाल्यानं माणसं जेवढी गप्प होत नाहीत तेवढी ती उत्तरच न मिळाल्यानं होतात.

आता सोमवारच्या मीटिंगबद्दल. सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्यांदा आयडिया मागायची पद्धत अलेक्स ऑस्बर्न नावाच्या अमेरिकन जाहिरात क्षेत्रातल्या माणसानं लोकप्रिय केली, ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात ते. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासून पाहिलं तेव्हा असं दिसलं की चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्यापेक्षा वेगवेगळे बसलेले चार जण मिळून जास्त काढतात. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोन संशोधकांनी याचं एक मोठं कारण दाखवलं, ते अगदी साधं आहे, एका वेळी एकच माणूस बोलू शकतो आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत विसरतात किंवा मनातल्या मनात ती कल्पना खोडून टाकतात. त्यात समोर सर बसलेले, म्हणजे ज्यांच्या हातात आपलं वर्षाचं मूल्यमापन आहे ते. तर मीटिंगच्या सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून कागदावर लिहा, नाव न घालता. मग कोणीतरी एकानं ते सगळे कागद वाचून दाखवायचे आणि सरांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. सुरुवातीला विचित्र वाटेल, पण दोन-तीन आठवडे नेटानं करा.

आणि प्रश्न बदला. "काही नवीन सुचतंय का" याला कोण काय उत्तर देणार. "मुलं तिसऱ्या आठवड्यानंतर यायची का थांबतात", "कोणता फॉर्म भरताना तुम्हाला वाटतं की हे कोणी वाचणारच नाहीये" असं नेमकं विचारलं की लोक बोलायला लागतात, कारण त्यांच्याकडे उत्तर आधीपासून असतं.

अजून एक, मीटिंगला कोण नसतं ते बघा. मी ज्या संस्थेत बरीच वर्षं होते तिथे आमची एक फिरती गाडी होती, ठरलेल्या मार्गानं गावोगाव जायची. शेवटच्या थांब्यावर बायका कमीच यायच्या आणि आम्ही रिपोर्टमध्ये लिहायचो की तिथे जागृती कमी आहे. दोन वर्षं हेच लिहिलं! मग एकदा प्रवासात आमचे ड्रायव्हरदादा सहज म्हणाले, ताई महिन्यातून एकदा गाडी उलटी फिरवून बघा ना, त्या गावात आपण कायम अंधार पडल्यावर आणि दमून पोचतो, बायका वाट बघून बघून घरी जातात. गाडी उलटी फिरवली आणि त्या गावात गर्दी झाली. दादांना हे पहिल्या महिन्यापासून माहीत होतं, पण ते ड्रायव्हर होते म्हणून आम्ही त्यांना कधी मीटिंगला बसवलं नव्हतं. ती दोन वर्षं मला आजही टोचतात.

मी फील्डवर काम करते, पाच वर्षं झाली. काहीही वेगळं सुचवलं की वरून एकच वाक्य येतं, "हे प्रपोजलमध्ये नाहीये". आता मी सांगणंच सोडून दिलंय. माझं चुकतंय का? – एक कार्यकर्ती

तुमचं चुकत नाहीये. पण सांगणं सोडू नका, सांगायची पद्धत थोडी बदलून बघा असं मी म्हणेन.

वरच्या माणसाची अडचण पण समजून घ्या. त्याला तीन महिन्यांनी फंडरला, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेला, आकडे द्यायचेत, त्याच्या कानावर "आपण हे सगळं वेगळ्या पद्धतीनं करूया" असं पडलं की त्याला आधी तो रिपोर्ट दिसतो. म्हणून मागणी इतकी लहान करा की नाही म्हणणं अवघड व्हावं. तुमच्याकडे दहा गट असतील तर म्हणा, नऊ गटांत जसं चाललंय तसंच चालू दे, एका गटात चार आठवडे मी असं असं करून बघते, टार्गेट तेच राहील, जादा पैसे लागणार नाहीत, आणि मी ही एकच गोष्ट मोजून ठेवीन. हे तोंडी नको, अर्ध्या पानावर लिहून द्या. लिहिलेली गोष्ट पुढे पाठवता येते, तुमच्या साहेबांनाही त्यांच्या साहेबांपुढे ठेवता येते. मात्र लपून काही करू नका, विशेषतः लोकांच्या तब्येतीशी, मुलांशी किंवा पैशाशी संबंधित असेल तर अजिबात नको, आधी परवानगी आणि त्या गटातल्या लोकांनाही स्पष्ट सांगायचं की हा प्रयोग आहे, चार आठवड्यांनी थांबू शकतो.

आणि सगळं स्वतःच्याच डोक्यातून यायला पाहिजे असंही मानू नका. मला फार आवडणारं एक उदाहरण सांगते. १९९० च्या शेवटी जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेच्या कामासाठी व्हिएतनामला गेलं. मुलांमधलं कुपोषण कमी करायचं होतं आणि सरकारनं त्यांना सांगितलं की सहा महिन्यांत काही करून दाखवा. पैसा नाही, माणसं नाहीत, भाषासुद्धा येत नव्हती. त्यांनी गावातल्या लोकांकडूनच मुलांची वजनं करून घेतली आणि मग शोधलं की अतिशय गरीब घरातलं असूनही धडधाकट मूल कोणाचं आहे. अशी घरं निघाली! तिथल्या आया काय वेगळं करतात ते जाऊन बघितलं तर त्या भातशेतातले बारीक कोळंबी-खेकडे आणि रताळ्याच्या पाल्याची पानं मुलांच्या जेवणात घालत होत्या, जे लहान मुलांना द्यायचं नाही असा तिथे समज होता, शिवाय दिवसातून दोनदा भरवण्याऐवजी तीन-चारदा थोडं थोडं भरवत होत्या. पुढे प्रशिक्षण ठेवलं तेही भाषण देऊन नाही, येताना प्रत्येक आईनं ते खेकडे आणि तो पाला स्वतः गोळा करून आणायचा आणि सगळ्यांनी मिळून शिजवून मुलांना भरवायचं.

उत्तर गावातच होतं, बाहेरून आलेल्यांनी फक्त शोधायचा प्रश्न बरोबर विचारला. तुमच्या दहा गटांतसुद्धा एखादा गट असेल जो काहीही जास्त न मिळता बाकीच्यांपेक्षा बरा चाललाय. तिथे जाऊन दोन दिवस नुसतं बसा, बघा, आणि मग ते अर्ध पान लिहा. "माझी आयडिया आहे" यापेक्षा "आपल्याच सातव्या गटात हे चालू आहे आणि तिथे गळती कमी आहे" हे वाक्य साहेबांच्या गळी लवकर उतरतं.

मी एका जुन्या संस्थेचा विश्वस्त आहे. नवी मुलं येतात आणि सारखं इनोव्हेशन, इनोव्हेशन करतात. पण हा पैसा आमचा नाही, लोकांनी विश्वासानं दिलेला आहे. उद्या प्रयोग फसला तर देणगीदारांना काय तोंड दाखवायचं? – एक विश्वस्त

काका, तुमची काळजी मला पूर्ण पटते आणि नव्या मुलांनीही ती हसण्यावारी नेऊ नये. दुसऱ्याच्या पैशाची इतकी चाड असलेली माणसं संस्थेत पाहिजेतच. फक्त धोका नेमका कुठे असतो त्याबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचंय.

दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाची एक कल्पना निघाली होती. मुलांचा गोल फिरणारा पाळणा, तो खेळता खेळता फिरवला की खालून पाणी उपसून वरच्या टाकीत जातं. ऐकायला किती छान! २००० मध्ये तिला जागतिक बँकेचं बक्षीस मिळालं आणि २००६ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या समारंभात सरकार आणि काही फाउंडेशन मिळून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत आफ्रिकेतल्या दहा देशांत असे चार हजार पंप बसवायचे. मग गावागावांतून कळायला लागलं की मुलं काही दिवसभर खेळत नाहीत, शेवटी बायकांनाच तो जड पाळणा हातानं ढकलावा लागतो, बिघडला तर दुरुस्तीला महिनोनमहिने कोणी येत नाही, आणि काही ठिकाणी तर आधीचा चांगला चालणारा हातपंप काढून तिथे हा बसवला होता. गार्डियन या वर्तमानपत्रानं हिशोब मांडला की एका पंपानं जेवढ्या माणसांना पाणी देईन म्हटलंय तेवढं द्यायचं तर मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावं लागेल. अखेर २०१० मध्ये ती मोहीम गुंडाळावी लागली.

आता बघा, यात कल्पना नवी होती म्हणून पैसा गेला का? मला तसं वाटत नाही. एका गावात एक पंप बसवून वर्षभर शांतपणे बसून बघितलं असतं, पाणी भरणाऱ्या बाईला एकदा विचारलं असतं, तर हे सगळं फार कमी पैशात कळलं असतं. आधी जाहीर केलं, मोठं केलं आणि मग बघितलं, तिथे घात झाला. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती वाटते त्यावरचा उपाय लहान प्रयोग हाच आहे.

याच्या अगदी उलट एक गोष्ट सांगते. एव्हिडन्स अॅक्शन नावाची संस्था उत्तर बांगलादेशात एक कार्यक्रम चालवायची, नो लीन सीझन. पेरणी आणि कापणीच्या मधल्या काळात गावात काम नसतं, घरात धान्य कमी असतं, त्या काळात शहरात जाऊन काम करता यावं म्हणून प्रवासाच्या खर्चापुरती छोटी उचल द्यायची. आधीच्या लहान चाचण्यांत फार चांगले निकाल आले होते, देणग्या सुरू झाल्या होत्या, नाव झालं होतं. तरी त्यांनी मोठ्या प्रमाणावर नेताना २०१७ मध्ये परत मोजलं आणि निकाल आला की जास्त माणसं बाहेर गेलीच नाहीत, उत्पन्नातही फरक नाही. त्यांनी हे दडवलं नाही, आधी त्यासाठी नव्या देणग्या घेणं थांबवलं आणि २०१९ मध्ये कार्यक्रम बंद केल्याचं स्वतः जाहीर केलं. मला विचाराल तर देणगीदाराला तोंड दाखवायचं ते असं. चालत नाहीये हे माहीत असताना पंधरा वर्षं तेच ते करत राहण्यात पैसा जास्त जातो, फक्त तो थोडा थोडा जातो म्हणून विश्वस्तांच्या बैठकीत दिसत नाही.

तुम्ही एक करू शकता, विश्वस्त म्हणून तुमच्याच हातात आहे ते. वार्षिक बजेटमध्ये एक छोटी रक्कम बाजूला काढा, जी पूर्ण बुडाली तरी संस्थेचं मुख्य काम अडणार नाही एवढीच, आणि तिचा निर्णय खाली, टीमच्या पातळीवर होऊ द्या. अट अशी घाला की पैसे मागताना कागदावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतील, काय दिसलं तर आपण पुढे जाऊ आणि काय दिसलं तर थांबू. थांबायची अट सुरुवातीलाच लिहायची, कारण एकदा जीव गुंतला की मग प्रत्येक वाईट आकड्याला कारण सापडतं. देणगीदारांनाही आधीच सांगा की एवढा भाग प्रयोगासाठी आहे. आणि काही जागा अशा असतात की तिथे प्रयोग नकोच, मुलांची सुरक्षितता, औषधोपचाराचे ठरलेले नियम, हिशोब. तिथे तुम्ही खुशाल पाय रोवून उभे राहा, मी तुमच्या बाजूनं आहे.

सगळं ठीक आहे हो पण आमच्याकडे पैसेही नाहीत आणि वेळही नाही. सहा जण आहोत, नेहमीचंच काम संपत नाही. – एका छोट्या संस्थेची संस्थापक

वेळ नाही हे मला मान्य आहे. म्हणून काहीतरी नवीन सुरू करण्याऐवजी आधी काहीतरी बंद करून बघा. सहा जणांनी मिळून एका महिन्यात कुठले कुठले रजिस्टर, फॉर्म, रिपोर्ट भरले त्याची यादी काढा आणि प्रत्येकासमोर लिहा की गेल्या वर्षभरात हा वाचून कोणी काय निर्णय घेतला. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही आणि कायद्यानं किंवा फंडरला द्यावा पण लागत नाही तो बंद. एवढ्यानं आठवड्यातले दोन-तीन तास तरी सुटतील.

पैशाबद्दल एकच सांगते. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका सरकारी प्रसूती रुग्णालयात इन्क्युबेटर इतके कमी होते की एकेकात दोन-तीन कमी वजनाची बाळं ठेवायला लागायची आणि जंतुसंसर्गानं बाळं दगावायची. तिथले डॉक्टर एडगार रे यांनी बाळाला आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. आज त्याला कांगारू पद्धत म्हणतात, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यावर लगेच असंच ठेवावं, इन्क्युबेटर असला तरीसुद्धा. ज्या गोष्टीची कमतरता आहे ती नक्की कशासाठी हवी होती हे विचारलं, ऊब हवी होती, तर उत्तर शेजारीच होतं. म्हणजे गरिबी चांगली असं मी अजिबात म्हणत नाहीये, पैसे मागत राहा, पण पैसे येईपर्यंत हा प्रश्न तरी विचारता येतो.

टीमसाठी क्रिएटिव्ह थिंकिंगचं दोन दिवसांचं वर्कशॉप ठेवायचंय. उपयोग होतो का? – एचआर बघणारी एक मैत्रीण

थोडा होतो. लोक ताजेतवाने होतात, एकमेकांशी बोलतात. पण सोमवारी परत तेच टेबल आणि तेच साहेब असतील तर बुधवारपर्यंत उतरतं. त्यातला एक दिवस वर्कशॉपला द्या आणि दुसरा दिवस ज्यांच्यासाठी काम करता त्यांच्यात जाऊन बसा, काहीही वाटप न करता, न शिकवता, नुसतं विचारायला की तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय हवंय.

न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस नावाचे मानसशास्त्रज्ञ रस्त्यावर राहणाऱ्या, मानसिक आजार असलेल्या लोकांबरोबर काम करायचे. तेव्हाची पद्धत अशी की आधी व्यसन सोडा, उपचार घ्या, शिस्तीत राहून दाखवा, मग पायरीपायरीनं घर मिळेल. त्या लोकांना विचारलं तर ते म्हणायचे, आधी घर द्या. १९९२ मध्ये त्यांनी पाथवेज टू हाउसिंग ही संस्था काढून तेच केलं, आधी घर, बाकीचं त्यांच्या कलानं नंतर. सगळ्यांना वाटलं होतं ही माणसं घरात टिकणारच नाहीत, पण बहुतेक जण टिकले. फिनलंडनं तर २००८ पासून देशाचं धोरणच यावर उभं केलं. अशी कल्पना वर्कशॉपमध्ये रंगीत चिठ्ठ्या चिकटवून आली असती का माहीत नाही, पण ज्याला घर नाही त्यानं ती पहिल्या वाक्यात सांगितली होती.

आम्ही एक अॅप काढलं होतं, कार्यकर्त्यांनी वहीऐवजी त्यात नोंदी करायच्या. पूर्ण फसलं, आठ महिन्यांनी परत वह्या आल्या. आता टीममध्ये कोणी त्याचं नावही काढत नाही आणि फंडरच्या रिपोर्टमध्ये काय लिहावं हे मला कळत नाहीये. खरं लिहिलं तर पुढचा हप्ता जाईल अशी भीती वाटते. – प्रोजेक्ट मॅनेजर

तुमची भीती खरी आहे, सगळे फंडर समजूतदार नसतात. तरी खरं लिहा असंच मी सांगेन, फक्त रिपोर्टमध्ये पहिल्यांदा कळवू नका. आधी फोन करा, शांतपणे सांगा की असं झालं, आम्हाला हे कळलं आणि आता आम्ही हे करणार आहोत. त्यांना पण त्यांच्या वरच्यांना उत्तर द्यायचं असतं, अचानक कागदावर दिसलेली वाईट बातमी कोणालाच आवडत नाही.

इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्सची कॅनडातली शाखा २००८ पासून दरवर्षी आपल्या फसलेल्या कामांचा वेगळा अहवाल काढायला लागली, कोणतं काम, काय चुकलं, का चुकलं, आणि ते लिहिलेलं ज्यांच्या हातून झालं त्यांनीच. त्यावर कोणी त्यांना दुकान बंद करायला लावलं नाही, उलट इतर संस्थांनीही तसं लिहावं म्हणून २०११ मध्ये त्यांनी एक वेबसाइट सुरू केली.

पण मला रिपोर्टपेक्षा तुमच्या टीमची जास्त काळजी वाटतेय. कोणी नाव काढत नाही याचा अर्थ प्रत्येकाला वाटतंय की दोष आपल्यावर येईल. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनं नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, औषध देताना होणाऱ्या चुकांचा. अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्याच चुका जास्त नोंदलेल्या! मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं त्या सांगत होती, बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या.

म्हणून एक बैठक घ्या आणि सुरुवात तुम्ही करा, तुमच्या स्वतःच्या चुकीपासून. उदाहरणार्थ, अॅप बनवण्याआधी मी एक दिवससुद्धा कार्यकर्तीबरोबर वही भरत फिरले नाही किंवा फिरलो नाही, जे खरं असेल ते. मॅनेजरनं आधी बोलल्याशिवाय खालचं कोणी बोलणार नाही हे नक्की धरून चाला. मग कार्यकर्त्यांना विचारा की वहीत असं काय होतं जे अॅपमध्ये नव्हतं. मला असं वाटतं की तिथे तुम्हाला काहीतरी हाताला लागेल, कदाचित वहीच्या समासात त्या असं काही लिहीत असतील ज्याला अॅपमध्ये जागाच नव्हती. त्या आठ महिन्यांतली खरी कमाई तीच असेल आणि ती रिपोर्टमध्ये आवर्जून लिहा.

एक प्रामाणिक शंका. सगळ्यांनी नवं काही केलंच पाहिजे का? आमचं काम जुनं आहे, साधं आहे, चालतंय. पण हल्ली प्रत्येक अर्जात "तुमच्या कामातलं नावीन्य सांगा" असा रकाना असतो आणि आम्हाला तो भरताना उगाच काहीतरी जोडावं लागतं. – चाळीस वर्षं काम केलेले एक कार्यकर्ते

दादा, नाही, अजिबात केलंच पाहिजे असं नाही, आणि त्या रकान्यासाठी खोटं काही जोडूही नका. दुसऱ्यानं शोधलेली चांगली गोष्ट नीट पोचवणं यालासुद्धा फार डोकं लागतं, तेच तिथे लिहा.

बांगलादेशात ब्रॅक नावाची संस्था आहे. जुलाबावर मीठ-साखर-पाणी द्यायचं हे ब्रॅकनं शोधलेलं नाही. त्यावरचं संशोधन साठच्या दशकात ढाका आणि कलकत्त्यात झालं होतं, १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये ते पाणी कालवून लोकांना पाजलं आणि तिथलं मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासहून चारच्याही खाली आलं. म्हणजे औषध सिद्ध झालेलं होतं. तरी ते घराघरात पोचलेलं नव्हतं. ब्रॅकनं १९८० ते १९९० या दहा वर्षांत तेवढंच केलं, सुमारे १ कोटी २० लाख घरी जाऊन आईला शिकवलं, तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी.

पण ते करताना त्यांनी जे बदल केले ते बघा. नुसतं सांगून भागत नाही म्हणून आईकडूनच पाणी तयार करून घ्यायचं ठरवलं. कार्यकर्तीचा पगार किती घरं केली यावर ठेवला नाही, नंतर दुसराच माणूस जाऊन काही आयांना विचारायचा की काय काय आठवतंय, त्यावर ठेवला. एवढं करूनही सुरुवातीला बायका शिकायच्या पण मूल आजारी पडलं की ते पाणी द्यायच्या नाहीत. का, ते शोधायला गेल्यावर कळलं की खुद्द त्यांच्या कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घ्यायच्या! मग त्यांना प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी कसं काम करतं ते समजावलं, घरोघरी शिकवताना स्वतः घोट घेऊन दाखवायला सांगितलं. आणि अजून एक कळलं, घरातल्या पुरुषांना कोणी विचारलंच नव्हतं म्हणून ते विरोध करत होते, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या बैठका सुरू केल्या.

औषध मुळात तेच, बदलली ती पोचवायची पद्धत. तुमच्या चाळीस वर्षांच्या कामातही असे किती बदल तुम्ही केले असतील जे तुम्हाला आता बदल वाटतसुद्धा नाहीत, वेळ बदलली असेल, बसायची जागा बदलली असेल, आधी सासूशी बोलायचं असं कधीतरी ठरवलं असेल. एका संध्याकाळी जुन्या सहकाऱ्यांना घेऊन बसा आणि ते आठवून आठवून लिहून काढा, नव्या मुलांपैकी कोणाला तरी लिहायला बसवा. रकान्यात तेच भरा, आणि ती वही मला वाचायला मिळाली तर फार बरं वाटेल.